जप्तीबाहेरची चीजवस्तू : दर्यावर्दी ऋणकोच्या हक्काचा इतिहास

कर्ज हा विषय ज्ञातीच्या स्मरणिकेत सहसा येत नाही. शिक्षणफंड, गुणवंत विद्यार्थी, देवस्थाने, वधूवरांच्या याद्या हे विषय येतात आणि ते यावेतच. परंतु मिरकरवाड्याच्या बंदरात ज्यांची उभी हयात गेली, त्यांना हे सांगावयास नको की, कोणाचे तरी देणे डोक्यावर न घेता होडी पाण्यात लोटली असे घर आपल्यात विरळाच. देणे फिटले तर त्याची वाच्यता होत नाही, आणि न फिटले तर त्याहूनही होत नाही. त्यामुळे या विषयाचे ज्ञान आपल्यात कर्णोपकर्णी चालते, व ते बहुधा चुकीचे असते. ‘दिवाळे निघाले म्हणजे चुलीवरचा टोप सुद्धा गेला’ अशी समजूत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कायद्याचे म्हणणे तसे नाही. नादार झालेल्या मनुष्याच्याही काही वस्तूंना धनकोने हात लावू नये, असा दंडक या देशात दीर्घकाळ चालत आलेला आहे. त्या वस्तूंची यादी कोणी केली, ती करताना कोणाचे घर डोळ्यांपुढे होते, आणि त्या यादीत समुद्रावर पोट भरणाऱ्यास किती जागा मिळाली, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी वसुलीचे मार्ग वेगळे होते. मनुस्मृतीत धनकोने आपले द्रव्य परत मिळविण्याचे पाच उपाय सांगितले आहेत व त्यांत सामोपचारापासून बळापर्यंत सर्व काही येते. त्या बळाला आवर घालणारा नियम म्हणजे दामदुपट. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येऊ नये, हा तो नियम. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पुढे चालविला. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांकडे आल्यानंतर एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात त्याने तगाद्याचे वर्णन केले आहे. धनकोने ऋणकोच्या दारात बसावे, त्याची वाट अडवावी, जेवू देऊ नये, क्वचित् स्वतःही उपाशी राहावे, असा तो प्रकार. यांपैकी धरणे धरून दैवी कोपाची भीती घालण्यास १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गुन्हा ठरविले, आणि त्या कलमाखाली उदाहरण म्हणून ‘धरणे’ हा आपला शब्दच इंग्रजी अक्षरांत बसविला. धरण्यास बसणारा सावकार निष्ठुर खरा, पण त्याला ऋणको जिवंत व कमावता हवा असे. ज्याची होडी गेली त्याच्या दारात बसून मिळणार काय? कोर्टाच्या लिलावात हा विचार उरला नाही. १८१८ नंतर इकडे जी न्यायालये आली, त्यांचा हुकूमनामा घेऊन येणाऱ्या बेलिफास ऋणकोच्या पुढील हंगामाशी काहीच कर्तव्य नव्हते.

हा फरक प्रथम उमजला तो देशावर. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे व वह्या जाळल्या. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशीमंडळ नेमले, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्मास आला. या कायद्याचे मोल आज विसरले गेले आहे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्यास तुरुंगात घालता येणार नाही. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही तिची जप्ती व विक्री होणार नाही. न्यायाधीशाने कर्जरोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब करावा. आणि पन्नास रुपयांचे देणे असलेला शेतकरीसुद्धा नादारीचा अर्ज करू शकेल, अशा तरतुदी त्यात होत्या. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. पुढे त्याची काही कलमे इलाख्याच्या अन्य भागांतही लागू झाली. परंतु त्याचा लाभ घेण्याची अट कायम राहिली : अर्जदाराची उपजीविका सर्वस्वी किंवा मुख्यतः शेतीवर हवी.

येथे आपली गाडी अडली. १८८० साली सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरात खारवी, गाबीत, कोळी, दालदी या समुद्रावर जगणाऱ्या लोकांची दखल घेतलेली आहे. म्हणजे ही माणसे सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. त्यांनी दंगा केला नाही, सावकाराच्या वह्या जाळल्या नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी चौकशीमंडळ बसले नाही, इतकेच. आमचे हे म्हणणे कोणास कडू वाटेल, पण कायद्यांचा इतिहास वाचणाऱ्यास ते नाकारता येईल असे वाटत नाही.

याच काळात रत्नागिरीत एक असा मनुष्य राहात होता की ज्याला कायद्याने चांगलेच सांभाळले होते. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली येथे आणला गेला व १९१६ साली येथेच वारला. त्याच्या देण्याघेण्याच्या कथा गावात पुष्कळ ऐकू येतात. आता दिवाणी संहितेत जप्तीतून वगळलेल्या बाबींत ‘राजकीय निवृत्तिवेतन’ ही एक बाब आहे. राज्य गमावलेल्या राजाचा तनखा धनकोपासून सुरक्षित, आणि त्याच्या वाड्यावर मासळी पोचविणाऱ्याचे जाळे मात्र वादाचा विषय, असा हा योगायोग होता.

आता प्रत्यक्ष यादीकडे वळू. १८७७ व १८८२ च्या दिवाणी संहितांत ती होती. १९०८ च्या संहितेत ती साठाव्या कलमात आली व अनेक दुरुस्त्यांसह आजतागायत तेथेच आहे. ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, त्याच्या उपजीविकेस लागणारी गुरे व बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर, हिशेबाच्या वह्या, मजुरांची व घरगड्यांची मजुरी, मग ती रोकड असो वा वस्तुरूप, पगारापैकी ठरावीक भाग. (सध्या पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश. आजच्या महागाईत हा आकडा वाचून हसावे की रडावे, हे नोकरदार बांधवांनी ठरवावे.) शिवाय निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि १९७६ पासून आयुर्विम्याची रक्कम. बेलिफाने सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरू नये, असेही याच संहितेचे दुसरे एक कलम सांगते.

ही यादी बारकाईने वाचली तर तीत नांगर आहे, बैल आहे, बी-बियाणे आहे. होडी नाही, जाळे नाही, नांगर म्हणून जो आहे तोही जमिनीचा, गलबताचा नव्हे. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गावगाडा होता : शेतकरी, सुतार, लोहार. दर्याचा उल्लेख नाही. मग मच्छीमाराने आपले जाळे वाचवावयाचे तर ‘कारागिराची हत्यारे’ या दोन शब्दांच्या आश्रयास जावे लागते. पूर्वीच्या काळी हा आश्रय पुष्कळसा सयुक्तिक होता. ताग व सूत यांचे जाळे घरीच विणले जाई. बायका सूत कातीत, पुरुष पावसाळ्यात ओटीवर बसून फासे टाकीत, झाडांच्या सालीच्या काढ्यात जाळे रंगवून टिकाऊ करीत. असा मनुष्य कारागीर नाही तर कोण? परंतु नायलॉनचे तयार जाळे आले, यंत्र आले, होडीची नौका झाली आणि नौकेवर पगारी खलाशी आले. आता ज्याच्या मालकीची नौका आहे तो स्वतःच्या हाताने काम करणारा कारागीर की भांडवल गुंतविणारा व्यापारी, हा प्रश्न न्यायालयात उभा राहतो, व त्याचे उत्तर प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर अवलंबून असते. स्वतः समुद्रावर जाणाऱ्या लहान होडीवाल्याची बाजू बळकट, बंदरावर बसून चार नौका चालविणाऱ्याची दुबळी, असा आमचा समज आहे.

मासळी विकणाऱ्या भगिनींची स्थिती याहून नाजूक. टोपली, कोयती, तराजू ही त्यांची साधने. पण विक्री ही कारागिरी होय काय? मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. पतीचे कर्ज पत्नीने स्वतः पत्करलेले नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईच्या व स्त्रीधनाच्या वस्तू पतीच्या देण्यापोटी नेता येत नाहीत. त्या तिच्या आहेत हे दाखविण्याचे काम तेवढे तिच्यावर येते.

पकडलेल्या मासळीविषयी तर संहिता विशेष कठोर आहे. जप्त केलेली जंगम वस्तू लवकर नासणारी असेल, तर ती जप्त करणाऱ्या अधिकाऱ्यास तेथल्या तेथे विकता येते. शेतकऱ्याच्या पिकापैकी काही भाग राखून ठेवण्याचा अधिकार सरकारास दिलेला आहे. बांगड्याच्या पाट्यांना तशी सवलत नाही. पण खलाशाचा वाटा? होडीवर काम करणाऱ्यास पूर्वापार पगाराऐवजी मासळीचा अथवा तिच्या किंमतीचा वाटा मिळत आला. ‘वस्तुरूप मजुरी’ हे कायद्याचे शब्द वाचताना आम्हांस तो वाटाच आठवतो. ज्याने हे शब्द लिहिले त्याच्या मनात बलुत्याचे धान्य असेल. पण शब्द व्यापक आहेत, आणि आपल्या वकील बांधवांनी ते खलाशासाठी वापरावेत असे आम्ही म्हणतो.

दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावरील रापणीच्या बाबतीत आणखी एक पेच संभवतो. रापण ही एकाची नसते. अनेक भागीदारांनी आणलेल्या जाळ्यांच्या तुकड्यांनी ती जोडली जाते व मासळीचे वाटे त्या प्रमाणात पडतात. यातील एका भागीदाराच्या देण्यापोटी त्याचा तुकडा काढून नेला, तर मधेच भोक पडलेली रापण कोणाच्याच कामाची राहात नाही. एकाच्या दिवाळ्याने सारी वाडी बसते. अशा वेळी इतर भागीदारांनी आपला हक्क सांगून न्यायालयात हरकत घेणे, हा मार्ग कायद्याने मोकळा ठेवलेला आहे.

येथवर साध्या जप्तीचा विचार झाला. नादारीचा अर्ज करणाऱ्याचे काय? याबाबतीत आपल्या ज्ञातीचे दोन भाग पडतात. एक घरचा आणि एक मुंबईचा. मुंबईत १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा, आणि रत्नागिरीसह मुफसलात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. रत्नागिरीचा मनुष्य, त्याचे देणे पाचशे रुपयांचे असले अथवा हुकूमनाम्यापोटी त्याची अटक वा जप्ती झाली असली, म्हणजे न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. तो नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. पण साठाव्या कलमाने जे जप्तीबाहेर ठेवले आहे ते नादारीच्याही बाहेर राहते. अपवाद हिशेबाच्या वह्यांचा. त्या मात्र द्याव्या लागतात. मुंबईच्या कायद्याने वेगळी वाट धरली. तेथे ‘त्याच्या धंद्याची हत्यारे’, कपडे, अंथरूण, भांडी व सामानसुमान मिळून तीनशे रुपयांपर्यंतच्या वस्तू नादाराकडे राहतात.

हे तीनशे आले कोठून? १८८३ च्या इंग्लंडमधील दिवाळखोरी कायद्यात हीच तरतूद जवळजवळ याच शब्दांत असून तेथे मर्यादा वीस पौंडांची आहे. १९०९ च्या सुमारास एका पौंडास पंधरा रुपये हा भाव होता. वीस गुणिले पंधरा म्हणजे तीनशे. लंडनच्या कारागिराच्या पेटीची किंमत रुपयांत बदलून ती मुंबईच्या माणसास लावली, असा तर्क करावासा वाटतो. पाहा, शब्द मुंबईचे उदार, कारण ‘धंद्याची हत्यारे’ यात जाळेही बसते व मासळीवालीचा तराजूही. पण रकमेने त्यांचा गळा आवळला. रत्नागिरीस रकमेची मर्यादा नाही, पण शब्द अरुंद. एकाच घरातील दोन भाऊ, एक ससून डॉकवर व एक मिरकरवाड्यास, दोघेही बुडाले तर दोघांच्या हाती वेगवेगळे काही उरावे, अशी ही व्यवस्था.

परंतु वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. या साऱ्या सवलती बिनगहाण वस्तूंच्या होत. जी वस्तू आपण होऊन तारण दिली, तिच्यावरील धनकोचा हक्क नादारीच्या अर्जाने नाहीसा होत नाही. आणि मच्छीमाराचे खरे दुखणे येथेच आहे. त्याच्याजवळ तारण देण्यासारखी वस्तू एकच, नौका. शेतकऱ्यास बैल राखून जमीन गहाण टाकता येते. आपल्यास समुद्र गहाण टाकता येत नाही. १९५० नंतर होड्यांना यंत्रे बसू लागली व त्यासाठी सरकारी व सहकारी कर्जे मिळू लागली, ही गोष्ट इष्टच झाली. तथापि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यान्वये सभासदाने संस्थेच्या कर्जातून घेतलेल्या अवजारांवर व यंत्रांवर संस्थेचा पहिला बोजा राहतो, हे सभासदांपैकी कितीजण जाणतात? उलट त्याच कायद्याने सभासदाचा संस्थेतील भाग त्याच्या बाहेरच्या धनकोंपासून सुरक्षित ठेवला आहे, हेही फारसे कोणास ठाऊक नसते.

याशिवाय व्यापाऱ्याची उचल ही जुनी रीत आहेच. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली, घरात मिळकत नाही, नारळी पौर्णिमेस अजून अवकाश. अशा वेळी जो व्यापारी रक्कम देतो तो व्याजाचा आकडा मोठा सांगत नाही, पण पुढील हंगामाची मासळी आपल्यालाच व आपल्याच भावाने घालण्याचे वचन घेतो. ही जप्ती कोणत्याही कोर्टाच्या हुकुमावाचून रोज संध्याकाळी धक्क्यावर होत असते, आणि तिच्यापासून काय वाचवावे याची यादी अद्याप कोणी केलेली नाही. जप्तीची दरखास्तही अशाच दिवसांत यावयाची. कारण समुद्रात असलेली होडी शोधावी लागते, शाकारलेली होडी जागेवर सापडते.

पुढील काळात ऋणमोचनाचे जे कायदे झाले त्यांतही शेतकरीच अग्रभागी राहिला. १९४७ चा मुंबई शेतकी ऋणको साहाय्य कायदा नावाप्रमाणेच शेतीशी बांधलेला होता. १९७५ च्या महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने लहान शेतकऱ्यांबरोबर ग्रामीण कारागीर व मजूर यांनाही सावकारी कर्जातून सोडविले, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. १९७६ ची दिवाणी संहितेतील दुरुस्ती मात्र आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. तिने राहत्या घराची सवलत शेतकऱ्यापुरती न ठेवता मजूर व घरगडी यांनाही दिली, आणि मजुरांत कुशल व अकुशल दोन्ही येतात असे स्पष्ट केले. नौकेवरील खलाशाचे घर या वाटेने सुरक्षित होऊ शकते. दुसरे असे की, ‘मी या सवलती सोडून देतो’ असे कर्जरोख्यात लिहून घेतले तरी ते निरर्थक ठरते, असे पोटकलम तिने घातले. छापील रोख्यावर न वाचता सही करणाऱ्या आपल्या बांधवांस याहून मोठा आधार नाही. पण त्याच दुरुस्तीने ‘शेतकरी’ या शब्दाची व्याख्याही केली : जो स्वतः जमीन कसतो व जो मुख्यतः शेतजमिनीच्या उत्पन्नावर अवलंबून आहे, तो. अर्थात् आपला दरवाजा अधिकच घट्ट लागला.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत वगळलेल्या मालमत्तेची नवी यादी आली आहे, आणि ती वाचून समाधान वाटते. ऋणकोच्या नोकरी, धंदा वा व्यवसायासाठी आवश्यक अशी बिनबोजाची हत्यारे, पुस्तके, वाहने व इतर साधने; कुटुंबाच्या मूलभूत गरजेचे सामान व शिधा; धार्मिक रूढीचे दागिने; विमा; ठरावीक किंमतीपर्यंतचे एक राहते घर. येथे कारागीर व शेतकरी हे भेद मावळले. ‘व्यवसाय’ या एका शब्दाखाली नांगर आणि जाळे शेजारी आले. परंतु व्यक्तींच्या नादारीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांस लागू केला गेला. हे लिहीत असता बाकी सर्वांसाठी १९०९ व १९२० चे जुने कायदेच चालू आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बंदरात आनंद व्यक्त झाला व तो योग्यच होता. वीजदर, कर्ज, विमा या बाबतीत शेतकऱ्यास मिळणाऱ्या सोयी मच्छीमारास मिळाव्या, असा त्याचा आशय आहे. परंतु आम्हांस अनेकांनी विचारले की, आता आपली होडी व घर शेतकऱ्याच्या औताप्रमाणे जप्तीबाहेर गेले काय? त्यास उत्तर असे की, दिवाणी संहिता हा केंद्राचा कायदा असून मंत्रिमंडळाच्या निर्णयाने त्यातील व्याख्या बदलत नाही. मात्र फौजदारी नसलेल्या न्यायव्यवहाराची संहिता हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, व राज्य विधिमंडळास राष्ट्रपतींच्या संमतीने साठाव्या कलमात आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. अनेक राज्यांनी या संहितेत अशा दुरुस्त्या यापूर्वी केलेल्या आहेत. ‘शेतकऱ्याची औते’ या शब्दांपुढे ‘व मच्छीमाराची होडी, जाळी आणि यंत्र’ एवढे शब्द घालण्याचे काम आहे. ज्ञातीच्या पुढील वार्षिक सभेपुढे या आशयाचा ठराव मांडावा, अशी आम्ही कार्यकारी मंडळास विनंती केली आहे, व त्याचा मसुदा सभासदांच्या अवलोकनार्थ कार्यालयात ठेवला आहे.